आईचा खडू आणि गिनीतली २९ घरं

आमच्या आईने जवळजवळ २० वर्षं कळव्यात लोकांच्या दारांवर खडूने खुणा केल्यात. अंगणवाडी सेविका होती ती, आता रिटायर झालीये. पल्स पोलिओचा रविवार झाला की पुढचे काही दिवस घरोघर फिरायचं, खांद्याला ती निळी थंडपेटी, हातात वही, आणि ओढणीच्या टोकाला बांधलेला खडू. घरातल्या सगळ्या लहान मुलांना डोस मिळाला असेल तर दारावर इंग्रजी पी काढायचा, एखादं मूल राहिलं असेल, म्हणजे गावी गेलंय, कुलूप आहे, किंवा घरच्यांनी नको म्हटलंय, तर फुली. दुसऱ्या दिवशी परत फक्त फुलीवाल्या घरी जायचं आणि ती फुली पुसून पी होईपर्यंत जात राहायचं. पारसिकच्या डोंगरावरच्या वस्त्या तिच्या वाट्याला यायच्या, म्हणजे पावसाळ्यात अक्षरशः दगडांवर पाय ठेवत चढायचं. लहानपणी मी तिच्याबरोबर जायचे आणि मला खडू धरायला मिळाला की मी खूश.

हे सगळं आधी सांगतेय कारण २०१४ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या इबोलाच्या साथीसाठी आम्ही कॉलेजच्या पोरापोरींनी जे काही केलं ते मला आईच्या त्या खडूशिवाय सांगताच येत नाही.

तेव्हा मी नवी मुंबईतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजला थर्ड इयरला होते. रोज कळवा ते ठाणे, मग ठाण्याला ट्रान्स हार्बरचा प्लॅटफॉर्म गाठायचा आणि पुढे वाशीच्या गाडीत लटकायचं. ऑगस्टमध्ये बातम्यांमध्ये इबोला इबोला सुरू झालं. ८ ऑगस्टला जागतिक आरोग्य संघटनेने आंतरराष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली आणि मग मुंबई विमानतळावर थर्मल स्कॅनर लावल्याची दृश्यं टीव्हीवर दिवसभर. पण साथ तर कधीचीच चालू होती. गिनीमधल्या मेलियांदू नावाच्या एका छोट्या गावात डिसेंबर २०१३ मध्ये २ वर्षांचा एक मुलगा गेला, तिथून ती सुरू झाली असं मागाहून शोधून काढलं, आणि मार्च २०१४ उजाडेपर्यंत हा इबोला आहे हे कुणाला कळलंसुद्धा नाही. ३ महिने माणसं मरत होती आणि आजाराला नाव नव्हतं. मेलियांदू ज्या गेकेडू भागात येतं तो गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन या ३ देशांच्या सीमा जिथे मिळतात तिथलाच, तिथले किस्सी लोक तिन्हीकडे राहतात, एकमेकांकडे लग्नाला, बाजाराला, मयताला जातात, नदी ओलांडली की दुसरा देश. आजार पण तसाच ओलांडत गेला.

आमच्या वर्गात हे मनावर घेणारी आम्ही ७-८ जणं होतो. एका मैत्रिणीचे काका मोनरोव्हियात, म्हणजे लायबेरियाच्या राजधानीत, एका दुकानात कामाला होते आणि तिच्या घरी रोज रात्री त्यांच्या फोनची वाट बघत बसायचे सगळे. ती कॉलेजला यायची तेव्हा तिच्या चेहऱ्यावरूनच कळायचं फोन आला की नाही. तिच्यामुळे आमच्यासाठी तो आजार टीव्हीतला राहिला नाही. काका सांगायचे की प्रत्येक दुकानाबाहेर, बँकेबाहेर, देवळाबाहेर नळ लावलेली बादली ठेवलीये, क्लोरीनचं पाणी, हात धुतल्याशिवाय आत पाऊल नाही, आणि कुणी कुणाशी हात मिळवत नाही. ज्या गावात हात मिळवणं हाच रामराम, तिथे लोक कोपराला कोपर लावून जातायत, हे त्यांना फार लागलं होतं.

मग आम्ही ठरवलं की काहीतरी पाठवायचं. गणपती २९ ऑगस्टला होते, दोन मंडळांनी आम्हाला मांडवाशेजारी टेबल टाकू दिलं, पुठ्ठ्याचा डबा, हाताने लिहिलेला बोर्ड. लोकांनी दिले पण पैसे, कुणी १० कुणी १००, एका आजोबांनी ५०० दिले आणि म्हणाले, सुरतेला प्लेग आला होता ९४ साली तेव्हा आम्ही ठाणे स्टेशनवर तोंडाला रुमाल बांधून उभे असायचो, मेडिकलमध्ये टेट्रासायक्लीन मिळेना, ती भीती काय असते मला माहितीये. त्या पैशातून आम्ही ग्लोव्हजचे आणि मास्कचे खोके घेतले, होलसेलमध्ये, ठाण्यातून. तिघांनी मिळून ते रिक्षातून कॉलेजला आणले. आणि मग कळलं की ते जाणार कसे?

मोठमोठ्या एअरलाइन्सनी ऑगस्टमध्येच तिकडची विमानं बंद केली होती. ब्रिटिश एअरवेजने फ्रीटाऊन, म्हणजे सिएरा लिओनची राजधानी, आणि मोनरोव्हिया, एमिरेट्सने कोनाक्री, म्हणजे गिनीची राजधानी. जी एक-दोन कंपन्यांची विमानं जात होती त्यात डॉक्टर आणि सामान जायला जागा पुरत नव्हती. आम्ही ज्या ज्या कुरिअरवाल्यांना विचारलं त्यांनी हात वर केले. आणि आमच्या मैत्रिणीच्या काकांनी फोनवर जे सांगितलं त्याने तर आम्ही गप्पच झालो. ते म्हणाले बेटा, इथे जो पेशंटला हात लावतो तो डोक्यापासून पायापर्यंत झाकलेला असतो, डोळ्यांवर गॉगल, दुहेरी ग्लोव्हज, रबरी बूट, एप्रन, कातडीचा एक इंच उघडा नाही, आणि उकाड्यात ते सगळं घालून तासभर काढणंसुद्धा कठीण. तुमचा तो साधा मास्क इथे कुणी लावला आणि त्याला वाटलं आपण सेफ आहोत, तर तो मरेल.

खोके ३ दिवस आमच्या लॅबच्या बाहेर पडून होते. दुकानदाराने अर्धे परत घेतले, भला माणूस, एक रुपया कापला नाही. उरलेले आईने कळव्याच्या हॉस्पिटलात नेऊन दिले. पण मनाला लागलंच. मांडवातल्या त्या आजोबांना काय तोंड दाखवायचं? मला आजही वाटतं की आम्ही आधी विचारायला हवं होतं, तुम्हाला काय हवंय, एवढाच एक प्रश्न. आम्ही आमच्या मनाने ठरवलं की त्यांना मास्क हवेत, कारण मास्क आम्हाला विकत घेता येत होते.

आमच्यातला एक मित्र सायकलवरून ट्रेकला जायचा आणि ओपनस्ट्रीटमॅपवर पायवाटा टाकायचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा नकाशा विकिपीडियासारखा आहे, कुणीही भर घालायची, कुणीही वापरायचा, फुकट. त्याने आम्हाला सांगितलं की मार्चमध्येच एमएसएफने, म्हणजे डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्सने, नकाशे मागितले होते, कारण गेकेडूचा धड नकाशाच अस्तित्वात नव्हता. ह्युमॅनिटेरियन ओपनस्ट्रीटमॅप टीम म्हणून एक ग्रुप आहे, लोक त्याला नुसतं हॉट म्हणतात, त्यांनी जगभरातल्या माणसांना हाक दिली आणि लोकांनी घरबसल्या सॅटेलाइटच्या फोटोंवरून काही दिवसांत ते शहर नकाशावर आणलं, घर आणि घर. आणि आता तिन्ही देशांचं काम चालू होतं, माणसं कमी पडत होती.

इथे पहिल्यांदा असं झालं की त्यांना काय हवंय हे त्यांनीच सांगितलं होतं.

मला सुरुवातीला हे पटलं नव्हतं, खरं सांगते. माणसं मरतायत आणि आपण इथे बसून चौकोन काढायचे? मी घरी जेवताना आईला म्हटलं, नकाशाने काय होणार. आईने भाजी वाढता वाढता मला विचारलं, तो आजार पसरतो कसा. मी म्हटलं हवेतून नाही पसरत, आजारी माणसाच्या रक्ताला, उलटीला, घामाला हात लागला तर, आणि लक्षणं दिसायला २ ते २१ दिवस लागतात, म्हणून पेशंट सापडला की त्याच्या जवळ आलेल्या प्रत्येक माणसाकडे २१ दिवस रोज जायचं, ताप बघायचा, ताप आला की त्याला लगेच बाजूला काढायचं, तेवढं केलं की साखळी तुटते. आई म्हणाली, म्हणजे रोज त्याच घरी परत जायचं. मी म्हटलं हो. ती म्हणाली, "अगं मग घरच माहीत नसेल तर परत जाणार कुठे? फुली मारायला दार तर पाहिजे."

बस. एवढं बोलून ती उठली हात धुवायला.

आणि तिला ते माहीत होतं म्हणून ती बोलली. डोंगरावरची तिची वस्ती कुठल्याच नकाशावर नव्हती तेव्हा. वरून ऑफिसमधून जी यादी यायची त्यात घरं कमी, प्रत्यक्षात जास्त, दरवर्षी नवीन झोपड्या वर वर सरकलेल्या. म्हणून ती स्वतःच वहीच्या मागच्या पानावर नकाशा काढायची, वडाचं झाड, पाण्याची टाकी, मारुतीचं देऊळ, त्याच्यामागे ६ घरं. मार्च २०१४ च्या २७ तारखेला आपल्याला पोलिओमुक्तीचं सर्टिफिकेट मिळालं ना, ते अशा लाखो वह्यांमधून मिळालंय असं मी मानते. आणि बघा, त्याच आठवड्यात तिकडे गिनीने इबोला जाहीर केला होता.

तर आम्ही बसलो. कॉलेजने रात्री लॅब वापरायला परवानगी दिली नाही, म्हणून आमच्या घरी. आमचं घर म्हणजे चाळीतली दीड खोली, पण आमच्या नेटच्या प्लॅनमध्ये रात्री २ ते सकाळी ८ डेटा फ्री होता आणि सॅटेलाइटचे फोटो लोड व्हायला भयंकर डेटा जायचा, म्हणून शनिवारी रात्री ५-६ जणं यायची, बाबा आतल्या खोलीत झोपायचे, आई आमच्यासाठी उपमा करून ठेवायची. ३ लॅपटॉप, त्यातला एक चार्जर लावल्याशिवाय चालायचाच नाही.

काम कसं असतं ते सांगते. पूर्ण भाग चौकोनांमध्ये वाटलेला असतो, एक चौकोन तुम्ही घ्यायचा, तो तुमच्या नावावर लॉक होतो, म्हणजे दुसरा कुणी त्यात घुसत नाही. मग तो फोटो मोठा करून करून बघायचं आणि रस्ता दिसला की रस्ता काढायचा, पायवाट दिसली की पायवाट, घर दिसलं की घराची कड, वस्ती दिसली की वस्तीभोवती रेघ. झालं की डन करायचं, तेव्हा चौकोन पिवळा व्हायचा. मग जगात कुठेतरी बसलेला दुसरा अनुभवी माणूस तो तपासतो आणि बरोबर असला तर हिरवा करतो, नाहीतर परत पाठवतो.

आमचे पहिले सगळे चौकोन परत आले. तपासणाऱ्याने फार नम्रपणे लिहिलं होतं की तुम्ही बरीच झाडं घरं म्हणून काढलीयेत. आणि त्यात आमची चूक अशी होती की तिथे कितीतरी ठिकाणी घरं गोल, गवताने शाकारलेली, आणि वरून बघितलं तर आंब्याचं झाड आणि गोल झोपडी दोन्ही तपकिरी-हिरवा ठिपका. पत्र्याचं घर सोपं, चमकतं, चौकोनी. पण गोल घर कसं ओळखायचं यावर आमचा अर्धा तास वाद चालला होता, रात्रीचे ३ वाजलेले, तेवढ्यात आई पाणी प्यायला उठली. आमच्या मागे उभी राहून बघत होती. मग तिने स्क्रीनवर बोट ठेवलं. म्हणाली, हे घर आहे आणि हे झाड आहे. आम्ही म्हटलं कशावरून. "अंगण बघ ना. रोज झाडलेली जमीन पांढरी दिसते. झाडाखाली कोण झाडतंय एवढं गोल?"

आणि खरंच. प्रत्येक घराभोवती फिकट रंगाची जमीन होती, आणि एका अंगणातून दुसऱ्या अंगणात जाणारी बारीक पांढरी रेघ, म्हणजे येण्याजाण्याची वाट. ज्या ठिपक्यापर्यंत एकही वाट जात नव्हती ते झाड. त्या बायका पहाटे उठून अंगण झाडत असतील, आमच्या आजीसारख्या, आणि त्यांचं ते झाडणं अवकाशातून दिसत होतं. त्या रात्री कुणीच बराच वेळ काही बोललं नाही.

त्यानंतर आई बसायलाच लागली आमच्यात. इंग्रजी येत नव्हतं, माउस तिने कधी धरला नव्हता, पण ती बघायची आणि सांगायची, इथे एक राहिलं, ही वाट पुढे जाते बघ, वाट कुठेतरी जातेच, उगाच नाही पडत. आणि अंगणवाडीच्या वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीने घरं मोजायची, पाच-पाचचे गठ्ठे करून. एका चौकोनात अगदी जंगलात एक वस्ती सापडली, फोटोवर अर्ध्या भागात ढग होते, नकाशावर तिथे काहीच नव्हतं, नाव नाही, रस्ता नाही. आईने मोजली, २९ घरं. तिने २९ आकडा लिहून त्याच्याभोवती गोल केला आणि म्हणाली, म्हणजे दीडशेच्या वर माणसं असतील, पंचवीस-तीस तर पोरंच असतील पाचाच्या आतली.

त्या दिवसांत मी इबोलाबद्दल जे मिळेल ते वाचत होते आणि काही गोष्टी डोक्यातून जायच्याच नाहीत. सिएरा लिओनमध्ये केनेमाच्या हॉस्पिटलचे डॉक्टर शेख उमर खान, त्या देशातले या प्रकारच्या तापांचे सगळ्यात जाणकार डॉक्टर, २९ जुलैला त्याच आजाराने गेले. त्यांच्या वॉर्डातल्या नर्सेस आधीच गेल्या होत्या. पूर्ण साथीत तिन्ही देशांत मिळून ५०० हून जास्त आरोग्य कर्मचारी गेले. पुण्यात १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई पेशंटची सेवा करता करता गेल्या हे आपण शाळेत शिकतो, एका वाक्यात, आणि पुढे जातो. मला ते वाक्य तेव्हा पहिल्यांदा कळलं.

दुसरी गोष्ट मयताची. तिकडे कुणी गेलं की घरच्यांनी, जवळच्यांनी अंघोळ घालायची, हात लावून निरोप द्यायचा, ती शेवटची सेवा. आणि इबोलाने गेलेल्या माणसाच्या शरीरात विषाणू सगळ्यात जास्त असतो. म्हणजे जो जास्त माया करणार तो आधी मरणार. टीव्हीवर एक जण म्हणत होता की अडाणी लोक आहेत, ऐकत नाहीत. मला इतका राग आला. आमची आजी गेली तेव्हा आई आणि काकूने तिला अंघोळ घातली होती, केसांना तेल लावलं होतं, नवं लुगडं नेसवलं होतं. त्या वेळी पांढऱ्या कपड्यातली ४ अनोळखी माणसं येऊन म्हणाली असती की हात लावू नका, आम्ही पिशवीत भरून नेतो, तर आम्ही दिलं असतं आजीला? नसतं दिलं. लपवलं असतं. तिथेही लोकांनी लपवलं. पुढे दफन करणाऱ्या टीमनी पद्धत बदलली, घरच्यांना लांबून का होईना उभं राहू द्यायचं, प्रार्थना करू द्यायची, कबर कुठे आहे ते दाखवायचं, मग लोक स्वतःहून कळवायला लागले.

आणि या टीममध्ये कोण होतं माहितीये? आमच्याच वयाची पोरं. शाळा-कॉलेजं बंद होती, सिएरा लिओनमध्ये तर एप्रिल २०१५ पर्यंत, लहान मुलांचे धडे रेडिओवरून चालायचे. त्या काळात तिथले विद्यार्थी आणि शिक्षक घरोघर जाऊन ताप विचारायचे, नावं लिहून घ्यायचे, मयतं उचलायचे. त्यातल्या कितीतरी पोरांना घरच्यांनी घरात घेणं बंद केलं, घरमालकांनी खोल्या रिकाम्या करायला लावल्या. मी जेव्हा कुणाला सांगते ना की आम्ही इबोलासाठी काम केलं, तेव्हा मला ही पोरं आठवतात आणि माझा आवाज आपोआप खाली येतो. आम्ही उपमा खात खात घरं काढत होतो. ती पोरं त्या घरात जात होती.

सगळीकडे लोकांनी त्यांना आत घेतलं असंही नाही. सप्टेंबरमध्ये गिनीत वोमे नावाच्या गावी माहिती द्यायला गेलेल्या ८ जणांना मारून टाकलं. त्याआधी मोनरोव्हियाच्या वेस्ट पॉइंट वस्तीला २० ऑगस्टला पोलीस-सैन्याने चारी बाजूंनी बंद केलं, हजारो लोक आत, गोळीबार झाला, १५ वर्षांचा एक मुलगा त्यात गेला. आईला मी हे वाचून दाखवलं तेव्हा ती फक्त एवढंच म्हणाली की कोंडलं की माणूस लपवतो. तिच्या वस्तीत पण पोलिओचा डोस घेतला की मूल होत नाही अशी अफवा पसरली होती एकदा, तेव्हा दारं तोंडावर लागायची. ती त्या बायकांच्या ओट्यावर जाऊन बसायची, पेटी बाजूला ठेवून, डोसाचं नावही न काढता, लसूण सोलू लागायची त्यांच्याबरोबर. चौथ्या-पाचव्या दिवशी मूल पुढे यायचं.

आता एक गोष्ट, जी मला लिहायलाच हवी. आमच्या वरच्या वर्गात नायजेरियाचा एक मुलगा होता, लागोसचा, कोपरखैरण्याला रूम घेऊन राहायचा. ऑगस्टपासून ट्रेनमध्ये तो बसला की शेजारची माणसं उठायला लागली. कँटीनमध्ये त्याचा ग्लास वेगळा. तो वर्षभर घरी गेला नव्हता, आणि आजार अंगात लपून राहण्याचा काळ २१ दिवस, पण हे ऐकतंय कोण. एकदा आमच्यासमोर एका काकूंनी नाकाला पदर लावला आणि तो पुढच्या स्टेशनला उतरून गेला, त्याचं स्टेशन नव्हतं ते. आम्ही तिघी तिथे होतो आणि आम्ही त्या काकूंना काहीच बोललो नाही. याची मला आजही लाज वाटते.

आणि त्याच्या देशाने काय केलं होतं? २० जुलैला लायबेरियाहून एक आजारी प्रवासी लागोसला उतरला, जगातल्या सगळ्यात गजबजलेल्या शहरांपैकी एक. डॉक्टर अमेयो अदादेवो यांनी, वरून दबाव असताना, त्याला हॉस्पिटलमधून सोडायला नकार दिला, म्हणून तो शहरात फिरला नाही. त्या स्वतः त्याच आजाराने १९ ऑगस्टला गेल्या. मग तिथल्या सरकारने पोलिओसाठी उभी केलेली सगळी यंत्रणा इबोलाकडे वळवली, तीच माणसं, तेच घरोघर फिरणं. जवळपास ९०० जणांची यादी केली आणि त्यांच्या घरी मिळून साधारण १८,५०० भेटी दिल्या. २० रुग्ण, ८ मृत्यू, आणि तिथेच थांबली साथ. २० ऑक्टोबरला नायजेरिया इबोलामुक्त जाहीर झाला. आदल्याच दिवशी आपल्या विधानसभेचे निकाल लागले होते त्यामुळे आपल्या चॅनलवर सरकार कोणाचं बनणार एवढंच चालू होतं, पण आम्हाला ती बातमी कळली आणि आम्ही त्याला शोधत त्याच्या वर्गात गेलो. ३ दिवसांनी लक्ष्मीपूजन होतं, तो आमच्या घरी फराळाला आला. आईने त्याला तिची वही दाखवली, पोलिओची, पी आणि फुल्या. तो ती पानं उलटत राहिला आणि म्हणाला, माझी आत्या पण हेच करते, आंटी, लागोसमध्ये, आणि आम्ही पण दारावर खडूनेच लिहितो. आईने त्याच्या डब्यात चकल्या भरून दिल्या, इतक्या की झाकण लागेना.

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सेमिस्टरच्या परीक्षा, मग आमचे शनिवार कमी झाले. जानेवारीत परत बसलो. कॉलेजमध्ये ज्युनिअर्सना शिकवलं, एका सरांनी शेवटी लॅब उघडून दिली दुपारची, ४० च्या आसपास मुलं आली पहिल्या दिवशी, दुसऱ्या आठवड्याला १२ उरली, पण ती १२ टिकली. मैत्रिणीचे काका सुखरूप राहिले, मे २०१५ मध्ये लायबेरिया पहिल्यांदा इबोलामुक्त जाहीर झाला तेव्हा त्यांनी तिकडून फोन करून आम्हा सगळ्यांना स्पीकरवर घेतलं होतं. नंतर परत थोडे रुग्ण सापडले, परत थांबले. पूर्ण साथीत २८,६०० हून जास्त रुग्ण आणि ११,३२५ मृत्यू नोंदले गेले, म्हणजे दर १० मध्ये ४ माणसं. २०१५ मध्ये गिनीतच लसीची चाचणी झाली, पेशंटच्या भोवतालच्या माणसांना कडं करून लस द्यायची अशी, आणि ती चालली. पण त्यासाठीही भोवती कोण राहतं हे माहीत असावं लागतंच ना.

आमच्या ग्रुपमधल्या मुलांनी पुढे पारसिकच्या डोंगरावरची वस्ती पण त्याच नकाशावर काढली, आईच्या वहीतून. मारुतीचं देऊळ, टाकी, वडाचं झाड सगळं.

हे आज लिहायचं कारण असं की परवा रविवारी मी किती वर्षांनी ते अकाउंट उघडलं. पासवर्ड आठवायलाच अर्धा तास गेला. मग ती जंगलातली ढगाखालची वस्ती शोधली. त्या नकाशात कुठल्याही घरावर क्लिक केलं की त्याचा इतिहास दिसतो, कुणी काढलं, कधी काढलं, नंतर कुणी बदललं. व्हर्जन १ वर माझं नाव होतं, २०१४. त्यानंतरच्या व्हर्जनवर दुसरं नाव, आणि त्या माणसाचं बाकीचं काम बघितलं तर सगळं गिनीतच, त्याच भागातलं, म्हणजे तिथलाच कुणीतरी असणार. त्याने माझी वेडीवाकडी पायवाट सरळ केलीये. वस्तीला नाव दिलंय, आम्हाला जे कधीच कळलं नसतं. विहीर टाकलीये, एक शाळा टाकलीये. आणि एक घर काढून टाकलंय, ते झाड असणार.

मी तिथूनच आईला फोन लावला. ती गावी आहे सध्या, मागे कोंबड्यांचा आवाज. मी म्हटलं आई ते आपलं २९ घरांचं गाव आठवतं का, त्याला नाव आलंय. तिने नाव दोनदा म्हणून घेतलं माझ्याकडून, नीट उच्चार जमेपर्यंत. मग विचारलं, "आता किती घरं आहेत?"

मी फोन कानाला तसाच धरून मोजली, तिच्यासारखे पाच-पाचचे गठ्ठे करत. ४३.

"थांब," ती म्हणाली, "पेन आणते."